खरेदीच्या धामधुमीत आगमनकाळ आणि नाताळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आगमनकाळ (अ‍ॅडव्हेंट) म्हणजे नाताळआधीचे वाट पाहण्याचे आठवडे. ही उत्तरं प्रामुख्याने कॅथलिक घरांसाठी आहेत. मात्र माळ, वाचन, गोठा आणि खर्च यांबद्दलचं बहुतेक सगळं प्रॉटेस्टंट कुटुंबांनाही जसंच्या तसं लागू पडेल.

आगमनकाळ नेमका कधी सुरू होतो?

२५ डिसेंबरच्या आधीचे चार रविवार मोजा. त्यातला पहिला रविवार म्हणजे आगमनकाळाची सुरुवात. तो दर वर्षी २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान पडतो: २०२५ मध्ये ३० नोव्हेंबर, २०२६ मध्ये २९ नोव्हेंबर, २०२७ मध्ये २८ नोव्हेंबर. त्यामुळे हा काळ कधी २८ दिवसांचा असतो, तर कधी २२ दिवसांचाच. २०२३ मध्ये चौथा रविवार थेट २४ डिसेंबरला आला होता. अशा वर्षी शेवटचा आठवडा हाताशी नसतोच, हे आधी लक्षात घेऊन आखणी करावी.

या काळाचे दोन भाग आहेत आणि ते कळले की वाचनांचा सूर कळतो. १६ डिसेंबरपर्यंत ख्रिस्ताच्या पुनरागमनाची वाट पाहायची असते. म्हणूनच पहिल्या रविवारच्या शुभवर्तमानात गव्हाणी नसते, 'जागे राहा' अशी ताकीद असते. १७ डिसेंबरपासून मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) बेथलेहेमच्या वाटेला लागते.

खरेदी, सजावट, फराळ हे सगळं चुकीचं आहे का?

नाही. बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेले ज्ञानी, म्हणजे मागी लोक, सोनं, ऊद आणि गंधरस घेऊनच आले होते. सण म्हटला की नवे कपडे आले, गोडधोड आलं, पाहुणे आले. ख्रिस्तसभेने (चर्चने) मेजवानीला कधी नाक मुरडलेलं नाही.

अडचण आहे ती क्रम उलटण्याची. अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंगनंतरचा शुक्रवार म्हणजे ब्लॅक फ्रायडे. आता आपल्याकडच्या फोनवरही त्याचे सेल झळकतात. बहुतेक वर्षी हा शुक्रवार आगमनकाळाच्या पहिल्या रविवारच्या बरोबर दोन दिवस आधी येतो. म्हणजे ख्रिस्तसभा 'थांबा, वाट पाहा' म्हणते, नेमक्या त्याच आठवड्यात बाजार 'आत्ताच घ्या, संपत आलं' म्हणतो. नोव्हेंबरअखेर झाड उभं राहतं, डिसेंबरभर पार्ट्या होतात आणि २६ तारखेला सगळे इतके थकलेले असतात की दिवे काढून टाकावेसे वाटतात. ख्रिस्ती दिनदर्शिकेत मात्र नाताळ २५ तारखेला सुरू होतो आणि प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत, म्हणजे जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास, चालतो.

तेव्हा काय सोडायचं यापेक्षा काय कधी करायचं, हा प्रश्न आधी सोडवा. आधी वाट पाहणं, मग सण. एवढा क्रम सांभाळला तर खर्च बऱ्याच अंशी आपोआप ताळ्यावर येतो.

खर्चाचं काय करायचं? दर वर्षी ठरवतो आणि दर वर्षी हाताबाहेर जातो.

अंदाजाने आकडा ठरवला की तो टिकत नाही, कारण मागच्या वर्षी खरंच किती गेले हे कुणाला आठवत नसतं. पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी दोघांनी मिळून बसा. फोनवरच्या यूपीआयच्या व्यवहारांत मागच्या वर्षीचे २५ नोव्हेंबर ते ५ जानेवारी हे दिवस काढा आणि वहीत चार रकाने करा: घरच्यांसाठी, पाहुण्यांसाठी, सजावट, देणं. प्रत्येक रक्कम त्यातल्या एका रकान्यात टाका. रोखीने दिलेले पैसे (बेकरी, शिंपी, बँड) आठवून वेगळ्या शाईने लिहा. तासाभरात होतं.

बऱ्याचदा दोन गोष्टी दिसतात. मोठ्या भेटवस्तूंपेक्षा दोनशे-तीनशे रुपयांच्या किरकोळ खरेदीची बेरीज जास्त भरते. आणि 'देणं' हा रकाना सगळ्यात रिकामा असतो, कारण तो शेवटी उरलेल्या पैशांतून भरायचा म्हटलेला असतो. म्हणून यंदा तो आधी भरा. सणासाठी २०,००० रुपये ठेवणार असाल, तर त्यातले २,००० पहिल्या रविवारीच पाकिटात घालून बाजूला काढा. बहुतेक धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) गरजूंना मदत करणाऱ्या सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटीचे कार्यकर्ते असतात. गावात कुणाच्या घरी औषधाचे, शाळेच्या फीचे पैसे अडलेत हे त्यांना ठाऊक असतं. पाकीट त्यांच्याकडे १५ डिसेंबरच्या आत द्या. २४ तारखेला दिलेले पैसे त्या घरी सणाआधी पोहोचत नाहीत.

उसनवारी किंवा हप्त्यावर सण करू नका. जूनपर्यंत फेडत राहावा लागणारा नाताळ घरातल्या कुणालाच सुखाने आठवत नाही.

अ‍ॅडव्हेंट रीथ (आगमनकाळाची माळ) घरी कशी करायची?

ही प्रथा जर्मनीतली. हॅम्बुर्गमध्ये योहान हिनरिक विखर्न हे लुथेरन पाळक निराधार मुलांसाठी आश्रम चालवत. 'नाताळ कधी येणार' असं मुलं रोज विचारत, म्हणून १८३९ मध्ये त्यांनी गाडीच्या एका चाकावर रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या आणि बाकी दिवसांच्या लहान लाल मेणबत्त्या लावल्या. त्यातल्या चार मेणबत्त्या पुढे जगभर पसरल्या.

लागतं ते असं: साधारण ३० सेंटिमीटर व्यासाचं कडं (जाड तारेचं, वेताचं किंवा जुन्या टोपलीचा काठ), चार मेणबत्त्या, चार पणत्या, थोडी वाळू आणि हिरवा पाला. जांभळ्या तीन आणि गुलाबी एक मेणबत्ती मिळाली तर उत्तम. नाहीच मिळाली तर साध्या पांढऱ्या मेणबत्त्यांना त्या त्या रंगाची रिबीन बुडाशी बांधा. गुलाबी मेणबत्ती तिसऱ्या रविवारी लावतात. तो आनंदाचा रविवार.

मेणबत्त्यांच्या मापात हमखास चूक होते. पहिली मेणबत्ती चारही आठवडे जळते. रोज दहा मिनिटं धरली तर २८ दिवसांत २८० मिनिटं, म्हणजे जवळपास पावणेपाच तास. वाढदिवसाच्या केकवरची किंवा बोटाएवढी बारीक मेणबत्ती दुसऱ्या आठवड्यातच संपते. निदान अडीच सेंटिमीटर जाड आणि वीतभर उंच घ्या. चौथी अगदी थोडे दिवस जळणार असल्यामुळे चारही लहानमोठ्या दिसतात. तशाच दिसायला हव्यात, त्या सारख्या करायला जाऊ नका.

पाल्यासाठी वसई-विरारच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडाचा पाला सहज मिळतो, पण तो चार दिवसांत वाळतो आणि वाळलेला सुरू झटकन पेट घेतो. अशोकाची किंवा आंब्याची पानं जास्त टिकतात. कोणताही पाला दर शनिवारी बदला, ज्योतीपासून चार बोटं दूर ठेवा, मेणबत्ती पणतीतल्या वाळूत घट्ट रोवा आणि प्रार्थनेपुरता पंखा बंद करा. पंख्याने मेणबत्ती एका बाजूने वितळते आणि सगळं मेण टेबलावर येतं.

रोज काय वाचायचं? आमच्याकडे दहाच मिनिटं असतात.

दहा मिनिटं पुष्कळ झाली. लूककृत शुभवर्तमानाचे अध्याय २४ आहेत. १ डिसेंबरपासून रोज एक वाचला की २४ तारखेच्या रात्री तुम्ही पुनरुत्थानाच्या अध्यायावर पोहोचता. गव्हाणीतलं बाळ पुढे कुठे जाणार आहे, हे कळूनच मग मध्यरात्रीच्या मिस्सेला जाणं होतं. पहिला अध्याय ८० वचनांचा असून सगळ्यांत लांब आहे. लहान मुलं असतील तर तो दोन दिवसांत वाचा आणि पुढे एखादा लहान अध्याय जोडून भरून काढा.

त्यातल्या दोन जागी थांबा. एक, मरीयेचं स्तोत्र (लूक १:४६-५५). त्यात भुकेलेले तृप्त होतात आणि धनवान रिकाम्या हाती परत जातात. दुसरी, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला लोक 'आम्ही काय करावं' असं विचारतात तो प्रसंग (लूक ३:१०-१४). त्याची उत्तरं फार साधी आहेत: दोन अंगरखे असतील तर एक द्या, ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नका, पगारात समाधान माना. कपाट उघडं ठेवून हा उतारा वाचून पाहा.

१७ ते २३ डिसेंबर या सात दिवसांत सायंप्रार्थनेत ख्रिस्ताला सात नावांनी हाक मारतात: हे ज्ञाना, हे प्रभो, हे इशायाच्या मूळा, हे दाविदाच्या किल्ली, हे प्रभातप्रकाशा, हे राष्ट्रांच्या राजा, हे इम्मानुएल. लॅटिनमधली या नावांची आद्याक्षरं उलट्या क्रमाने वाचली की 'उद्या मी येईन' असा अर्थ निघतो. वेळ अजिबात नसेल त्या दिवशी मेणबत्ती लावून त्या दिवसाचं एकच नाव घ्या.

आणि मराठी माणसाला हे वाचन परकं वाटण्याचं काहीच कारण नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात छापलं गेलं, तेही ओवी छंदात. रेव्ह. ना. वा. टिळकांची स्तोत्रं तर मराठी मंडळ्यांत आजही गायली जातात.

गोठा कसा आणि कधी उभारायचा?

अस्सिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी नाताळच्या रात्री गवताने भरलेली खरी गव्हाणी, जिवंत बैल आणि गाढव आणून त्यापाशी मिस्सा करवली. आजच्या गोठ्याचं मूळ तिथे आहे. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण पहिल्या गोठ्यात रोषणाई, कारंजी, फिरती चक्रं यातलं काही नव्हतं. (बैल आणि गाढव लूकच्या वृत्तान्तात नाहीत. ते बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातल्या पहिल्या अध्यायातल्या तिसऱ्या वचनातून आले.)

गोठा १७ डिसेंबरच्या सुमारास बांधायला घ्या. मातीच्या मूर्ती, भाताचा पेंढा, तट्ट्या किंवा गोणपाट एवढं पुरतं. गव्हाणी २४ च्या रात्रीपर्यंत रिकामीच ठेवा. पेंढ्याच्या काड्या शेजारी वाटीत ठेवून द्या. कुणाच्या नकळत चांगलं काम केलं की मुलांनी एक काडी गव्हाणीत टाकायची. कोणतं काम ते सांगायचं नाही. सांगितलं की त्याची स्पर्धा होते. मागींच्या मूर्ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीत ठेवा आणि २५ नंतर रोज हातभर पुढे सरकवा. ते प्रभुप्रकटीकरणाच्या सणाला (मागींच्या भेटीचा जानेवारीतला सण) पोहोचले पाहिजेत. पेंढ्याजवळ जळती मेणबत्ती नको. एलईडीची माळही झोपताना बंद करा.

गोठ्यातलं हिरवं गवत घरी कसं उगवायचं?

बाजारात प्लास्टिकचं गवत मिळतं. तरी हे उगवाच, कारण आगमनकाळात करण्याजोगं याहून चांगलं काम आम्हाला माहीत नाही. क्रोएशिया आणि हंगेरीत संत लुसीच्या सणाला, १३ डिसेंबरला, गहू पेरतात. तीच तारीख मुंबई, वसई आणि गोव्याच्या हवेला चालते. पुणे-नाशिककडे रात्री थंड असतात, तिथे ११ लाच पेरा.

३० बाय २० सेंटिमीटरचा, तळाला भोकं असलेला ट्रे घ्या. त्यासाठी साधारण १५० ग्रॅम गहू लागतो. किराणा दुकानातला चालेल, फक्त जुना किंवा किडका नको. औषध लावलेलं रंगीत बियाणं मुलांच्या हाताशी नकोच. गहू आठ ते दहा तास भिजवा, पाणी काढून ओल्या फडक्यात एक रात्र बांधून ठेवा. पांढरा मोड डोकावला की ट्रेमध्ये तीन सेंटिमीटर ओलसर माती किंवा कोकोपीट पसरून त्यावर दाण्याला दाणा लागेल असा एकच थर द्या. वर माती नको. दोन दिवस ओल्या फडक्याने झाका, मग उजेडात ठेवा. सकाळ-संध्याकाळ पाणी फवारा, ओतू नका. दहा-अकरा दिवसांत वीतभर गवत होतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दाण्यांभोवती पांढरी लव दिसते आणि बुरशी समजून पुष्कळ जण ट्रे फेकून देतात. पाणी फवारून पाहा. लव नाहीशी झाली तर ती मुळांचीच आहे. फवारल्यावरही जाळीसारखी राहिली, करडी पडली, आंबूस वास आला तर बुरशी. तेवढा भाग चमच्याने काढून टाका आणि ट्रे वाऱ्यावर ठेवा. दाटी फार झाली किंवा भोकं बुजली की बुरशी होते. गवत पिवळं पडलं तर उजेड कमी आहे. आडवं पडायला लागलं तर ते लवकर पेरलंय. कात्रीने दोन बोटं वरून छाटा, दोन दिवसांत सरळ होतं. नाचणी पेरायची असेल तर दोनच चमचे पुरतात. ती हळू वाढते, पण गालिच्यासारखी दाट दिसते. तिला चार दिवस जास्त द्या.

घाई केली म्हणून गहू लवकर येत नाही आणि विसरलात तर २४ तारखेला कुठे विकतही मिळत नाही. मुलांना वाट पाहणं म्हणजे काय ते या ट्रेपाशी कळतं, वेगळं समजावावं लागत नाही.

आगमनकाळात उपवास असतो का?

लॅटिन विधीच्या (रोमन) कॅथलिकांना शुक्रवारच्या प्रायश्चित्तापलीकडे बंधन नाही. पण कल्याण-डोंबिवलीतल्या सिरो-मलबार (केरळमधल्या पूर्वेकडच्या विधीच्या कॅथलिक) शेजाऱ्यांना विचारा: ते १ डिसेंबरपासून २५ दिवस मांस-मासे वर्ज्य करतात. पूर्वेकडच्या अनेक ऑर्थोडॉक्स सभा १५ नोव्हेंबरपासून ४० दिवस उपवास पाळतात. आपल्या घरी बुधवार आणि शुक्रवार साधं जेवण, आणि वाचलेले पैसे त्याच दिवशी डब्यात, एवढं जमण्यासारखं आहे. मधुमेह असेल किंवा गरोदरपण असेल तर जेवण सोडू नका, बाहेरून मागवणं सोडा.

मुलांना सांताक्लॉजबद्दल काय सांगावं?

संत निकोलसबद्दल सांगा. तो चौथ्या शतकात मायरा इथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, बिशप होता. एका गरीब बापाच्या तीन मुलींच्या हुंड्यासाठी त्याने रात्री लपून घरात सोनं टाकलं, अशी परंपरागत कथा आहे. त्याचा सण ६ डिसेंबरला. त्या दिवशी मुलांच्या बुटात एक संत्रं आणि चार गोळ्या ठेवा, आणि मुलांनीही कुणाच्या तरी दारात गुपचूप काहीतरी ठेवायचं. लाल टोपीचा द्वेष शिकवायची गरज नाही. मोठी भेट २५ ला द्यायची असेल तर ती आई-बाबांनी दिली असं सरळ सांगा. एकाला सायकल आणि दुसऱ्याला चॉकलेट 'सांताने' दिलं, तर गरीब घरातलं मूल स्वतःलाच वाईट समजतं. ही गोष्ट फार मनावर घेण्याजोगी आहे.

ऑफिसमधल्या सीक्रेट सांताला नाही कसं म्हणायचं?

नाही म्हणू नका. पैशांची मर्यादा ठरवायला सुचवा (२०० रुपये पुष्कळ झाले) आणि वापरून संपेल अशी वस्तू द्या: मध, चहा, घरचा मुरंबा, रोप. शोभेचे मग कुणालाही नको असतात.

फराळ किती करावा?

नेवऱ्या, कुलकुल, दोदोल, बेबिंका हे सगळं एकाच घरात होण्याची गरज नाही. गोव्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे फराळाचं ताट पाठवायची जुनी रीत आहे, तिला कोन्सुआद म्हणतात. त्या रीतीचा उपयोग करून घ्या: चार घरांनी चार पदार्थ वाटून घ्यायचे आणि अदलाबदल करायची. कुलकुल वळायला एक किलो मैद्याला चार जणांचे हात आणि पूर्ण दुपार जाते. ती दुपार टीव्ही बंद करून, भजनं-कॅरल म्हणत घालवा. पहिलं ताट इमारतीचा वॉचमन, कचरा नेणारी ताई, भाजीवाला यांच्याकडे जावं, उरलेलं नव्हे. तळण १९-२० तारखेच्या आधी नको. खोबऱ्याचं सारण मुंबईच्या दमट हवेत आठवड्यात खवट होतं.

पापनिवेदनाला (धर्मगुरूंपाशी पापांची कबुली द्यायला) कधी जावं?

दुसऱ्या आठवड्यात. २२ ते २४ ला रांग मोठी असते, धर्मगुरू दमलेले असतात आणि तुमचं अर्धं लक्ष घड्याळाकडे असतं. गोव्यात ज्याला कुमसार म्हणतात तो संस्कार वर्षातून एकदाच घेणाऱ्यांनी तर नक्कीच लवकर जावं. जाताना एक प्रश्न मनात असू द्या: यंदा कुणाशी बोलणं तुटलंय? २५ च्या आत त्या एका माणसाला फोन करा. कोणत्याही भेटवस्तूपेक्षा तो जड जातो, म्हणून यादीत सगळ्यात वर लिहा.

यंदा घरात मृत्यू झाला आहे. नाताळ करायचा का?

रोषणाई आणि पार्टी नको वाटली तर करू नका. गोठा मात्र मांडा, साधा. आगमनकाळ मुळात अंधारात बसून उजेडाची वाट पाहणाऱ्यांचाच आहे, तुम्ही त्यात बाहेरचे नाही. गेलेल्याच्या नावाने मिस्सा सांगा, त्यांची आवडती वस्तू कुणाला तरी द्या. शेजाऱ्यांनी अशा घरी 'काही लागलं तर सांगा' असं म्हणून थांबू नये. जेवणाचा डबा घेऊन जावं आणि अर्धा तास बसावं.

आम्ही ख्रिस्ती नाही. मित्राच्या घरी जाताना काय न्यावं?

फळं किंवा घरी केलेला पदार्थ. केक बहुतेक त्यांच्याकडे चार आलेले असतात. २५ ला गर्दी असते. २७-२८ ला गेलात तर यजमान निवांत असतात आणि नाताळही चालूच असतो. गोठ्यातल्या मूर्ती कोणाच्या, हे मुलांना विचारा. ती आनंदाने सांगतात.

सजावट कधी काढायची?

२६ ला नाही. भारतात प्रभुप्रकटीकरणाचा सण २ ते ८ जानेवारीच्या दरम्यान येणाऱ्या रविवारी साजरा होतो. मागी गोठ्यात पोहोचले की मत्तयचा दुसरा अध्याय वाचा आणि प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणानंतर आवरा. ट्रेमधलं गवत गाईला किंवा शेळीला घाला, माती कुंडीत टाका. मेणबत्त्यांचे तुकडे वीज जाते त्या रात्रींसाठी ठेवा. मूर्ती एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळा, बाळ येशूची सगळ्यात वर, म्हणजे पुढच्या वर्षी शोधावी लागत नाही. पेटी बंद करण्याआधी झाकणावर पुढच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारची तारीख मोठ्या अक्षरात लिहा, आणि तिच्याखाली गहू भिजवायची तारीख.